न मिळालेलं वतन

वडील गेले तेव्हा मी मनमाडच्या फलाटावर बसले होते. सुरतेहून निघालेली गाडी वाटेत रखडली, पुढची नगरकडची चुकली, आणि मी गावी पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती. दादा दारातच म्हणाला, "थोडक्यात चुकलीस गं." मग ताईनं मला आत नेऊन सांगितलं की शेवटच्या दुपारी बाबांनी एकेकाला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला होता. दादाच्या, वहिनीच्या, ताईच्या, पोरांच्या. सगळ्यांत शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं आणि हात वर उचलला. तो हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग गोधडीवर पडला. ताईनं हे माझं सांत्वन व्हावं म्हणून सांगितलं, हे मला कळतं. पण त्या हवेतल्या हातानं पुढे कितीतरी दिवस माझा पिच्छा पुरवला.

बाबा खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांवर शिकवणारे मास्तर होते. रविवारी तेच उपासना चालवायचे. आमच्या घरून कुणी लांब जायला निघालं, मग ते नात्यातलं असो की नसो, की ते त्याला उंबऱ्याच्या आत थांबवायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि डोळे मिटून बोलायचे, "ज्यानं तुला घडवलं तो तुझ्यापुढं चालो. जिथं माझा हात पोचत नाही तिथं त्याचा पोचो. त्याच्या घरात तुला जागा असो." हे शब्द आमच्या शास्त्रातले, म्हणजे बायबलातले नव्हते, त्यांचे स्वतःचे होते. लहानपणी आम्हाला ते लवकर आटपावं असं व्हायचं, एसटी चुकेल म्हणून. लग्न होऊन सुरतेला आल्यावर मात्र गावाहून परतताना त्या हाताशिवाय पाऊल उचलायचं नाही. आणि जेव्हा तो हात खरोखर शेवटचा ठेवला जात होता, तेव्हा मी फलाटावर होते.

तेव्हापासून माझी प्रार्थना थांबली. देवावर राग धरला असं नाही. राग असता तर निदान काही बोलले असते. मी गुडघे टेकायची आणि काय म्हणायचं तेच सुचायचं नाही. सुरतेतल्या उधन्याच्या एका मराठी शाळेत मी शिकवत होते. माझे यजमान शहराबाहेर हजीऱ्याला गॅसच्या प्लांटमध्ये नोकरीला होते. आम्ही नवागामात चाळीवजा घरांच्या ओळीत भाड्यानं राहत होतो. रविवारी गुजराती मंडळीत उपासनेला जायचो. गीतं गुजरातीत, उपदेश गुजरातीत. अर्थ कळायचा, पण तो आईच्या भाषेतून कळतो तसा पोटात उतरायचा नाही.

त्या पावसाळ्यात आमचे पाळक एकाच विषयावर रविवारमागून रविवार बोलत होते. ख्रिस्तात आपल्याला मिळालेला वारसा. ते 'वारसो' म्हणायचे. माझ्या मनात मात्र आमच्या मराठी शास्त्रातला शब्द उभा राहायचा, वतन. हा शब्द आमच्या घरात सरळ नव्हता. माझ्या आजोबांकडे गावकीचं वतन होतं. वतन म्हणजे काय, तर वेशीवर पहारा द्यायचा, पाटलाचे निरोप घेऊन धावायचं, मेलेली गुरं ओढायची आणि त्याबदल्यात जमिनीचा एक तुकडा खायचा. आजोबांनी प्रभूला मानलं तेव्हा ते वतन सोडलं. बाबा हसून सांगायचे, "खालचं सोडलं म्हणून वरचं मिळालं." मग ते वरचं वतन मला कुठं आहे? आकाशात राखून ठेवलंय म्हणतात. पण मेल्यावर मिळणाऱ्या गोष्टीनं आज माझी छाती का भरावी? आणि आजच मिळालेलं असेल, तर मला ते जाणवत का नाही?

एका रविवारी उपासना सुटल्यावर मी पाळकांना विचारलं, "साहेब, वारसा मिळालाय हे माणसाला कळतं कसं?"

ते भले गृहस्थ. क्षणभर विचार करून म्हणाले, "बेन, विश्वासथी लई लो." विश्वासानं घ्या. मी मान डोलावली. घरी येताना मनात म्हणत राहिले, घ्यायचं म्हणजे कुठून घ्यायचं? घरात पसारा झाला की एखादी वस्तू डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही, तसं झालं होतं. फक्त वस्तू घरात आहे की नाही याचीच मला खात्री नव्हती.

त्याच सुमारास मला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आधी एकदा नको ते झालं होतं. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं. आनंदाची बातमी, पण मला तीही बाबांना सांगता न आल्यानं अर्धीच वाटली.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तापीला पूर येऊन गेला होता, गल्ल्यांतला चिखल अजून वाळला नव्हता. गणपती उठले आणि एकाएकी शहरात बातमी पसरली की प्लेग आलाय. सुरतेत जे कुणी तेव्हा होते त्यांना पुढचं सांगायला नको. औषधांच्या दुकानांत प्लेगवरच्या कॅप्सूल मिळेनाशा झाल्या, माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली, कापडाचे लूम बंद पडले. आमच्या गल्लीत सगळी खानदेशातली कुटुंबं, लूमवर आणि साडीच्या मिलमध्ये कामाला असलेली. ज्या गल्लीत खटखट ऐकल्याशिवाय झोप लागायची नाही ती गल्ली मुकी झाली. लोक बोचकी बांधून उधना स्टेशनकडे निघाले. यजमान हजीऱ्यातच अडकले होते, प्लांट सोडून निघता येत नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करून त्यांनी निरोप ठेवला, "तू गावी जा. उशीर करू नकोस."

मी बूथवरून दादाला फोन लावला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, येऊ नकोस. गावात बैठक झाली. सुरतेहून येणाऱ्याला वेशीच्या आत घेत नाहीयेत. तुला वहिनीचा स्वभाव माहीत आहे, पण तिचंही चुकत नाही. पोरं आहेत."

"बरं," मी म्हणाले.

"प्रार्थना करतो आम्ही तुझ्यासाठी," दादा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. मला त्याचा राग आला नाही. फक्त घरी परतताना वाटलं, आता मी ना इथली, ना तिथली. सगळ्यांनी खाल्ल्या त्या कॅप्सूल पोटातल्या बाळामुळे मला चालणार नव्हत्या. मी दाराला कडी घातली आणि पाणी उकळत बसले.

आमच्या समोरच्या घरात जिजी राहायची. शिरपूरकडची, साठी ओलांडलेली, मुलाच्या संसाराला धरून असलेली बाई. गल्लीत सगळे तिला जिजीच म्हणायचे. माझं तिच्याशी येता-जाता हसण्याइतकंच नातं. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, त्यांची खानदेशातली देवी, बसायची तेव्हा तिनं मला प्रसादाचं ताट पाठवलं होतं, आणि मी, आमच्यात चालत नाही म्हणून, ओशाळून ते तिसऱ्या घरी दिलं होतं. जिजीचं कुटुंबही सकाळी स्टेशनकडे गेलं होतं. समोरच्या दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर जिजी त्या कुलपाखाली दारापुढच्या ओटल्यावर बसलेली. गुडघ्यांत डोकं घातलेलं. मी खिडकीतूनच विचारलं, "जिजी, तुम्ही गेला नाहीत?"

तिनं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "पोरं गाडीमा चढी गयात, मी खाले ऱ्हायनी," ती म्हणाली. गर्दीच्या रेट्यात मुलगा, सून, नातवंडं डब्यात ढकलली गेली होती. ही फलाटावर राहिली आणि चालत परत आली. किल्ली मुलाच्या खिशात, गाडीबरोबर गेलेली.

मी विचारलं, "बरं नाही का?" तिनं पदर घट्ट लपेटून घेतला. अंग थरथरत होतं, आणि मग तिला खोकला आला.

त्या दिवसांत सुरतेत खोकल्याचा आवाज म्हणजे काय होता, ते आज समजावून सांगता येणार नाही. मी खिडकी लावली. दाराच्या आत पाठ टेकून उभी राहिले. एक हात पोटावर होता. आज मी हे कुठलीही शोभा न आणता लिहिते आहे. मला तिची कीव आली, आणि माझ्या बाळाची भीती वाटली, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन. काहीच ऐकू आलं नाही. एखादं वचन आठवावं म्हटलं, तर दोन आठवली, एक दार उघड म्हणणारं आणि एक पोटच्या लेकराला सांभाळ म्हणणारं. बाबांना विचारलं असतं, पण बाबा नव्हते. त्या वेळी मला ठाम वाटलं की ज्यांच्या डोक्यावर हात ठेवला गेला त्यांना अशा वेळी कळत असेल. मला कळत नव्हतं.

ऊन वर आलं. मी पुन्हा फटीतून पाहिलं. जिजी आता आडवी झाली होती. खोकल्याची उबळ आली की ती पदराचा बोळा तोंडात धरायची आणि मोठ्या कष्टानं कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची. पहिल्यांदा मला कळेना, ही सारखी भिंतीकडे का वळते? मग ध्यानात आलं. खोकला माझ्या दाराकडे येऊ नये म्हणून.

मी दार उघडलं. पाळकांनी पुढे मला विचारलं होतं, तेव्हा देवानं काही सांगितलं का? मी नाही म्हणाले. काही सांगितलं नाही. मला एवढंच आठवतं की कडी काढताना मी रडत होते आणि मनात कसलाही धीर नव्हता.

जिजी मला पाहून हातानं मागं सारू लागली, इथंच राहू दे म्हणून. "आत जाय. तुन्हा पोटमा लेकरू शे. मी आठेच बरी."

"चला," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही. तोंडाला ओढणी बांधली, तिच्या काखेत हात घातला आणि तिला आत आणून गोधडीवर निजवलं. उकळून गार केलेलं पाणी पाजलं. ओल्या फडक्याच्या घड्या कपाळावर ठेवत राहिले. अंग भट्टीसारखं तापलं होतं. ती मध्येच मुलाचं नाव घ्यायची, मध्येच गाडीला थांब म्हणायची. गल्लीत माणूस नव्हतं. किराणा दुकानही बंद झालं होतं.

दुपारी कधीतरी तिची थंडी इतकी वाढली की दात वाजू लागले. मला वाटलं, ही आता जाते. आणि हिच्याजवळ तिचं कुणीही नाही. मी ताप बघायला तिच्या कपाळावर हात ठेवला. तो उचललाच गेला नाही. प्रार्थना करावी म्हणून तोंड उघडलं, तर देवबापा, एवढंच निघालं आणि पुढं अडलं. कितीतरी दिवस ते असंच अडत होतं. आणि मग, मी न आठवता, न ठरवता, माझ्याच तोंडून बाबा बोलावे तसे शब्द आले. "ज्यानं तुला घडवलं तो तुझ्यापुढं चालो. जिथं माझा हात पोचत नाही तिथं त्याचा पोचो. त्याच्या घरात तुला जागा असो." चालही त्यांचीच. 'पोचो' म्हणताना ते थोडे थांबायचे, तशी मीही थांबले.

थांबल्यावर मी घाबरले. आपण हे काय केलं? हा आशीर्वाद माझ्याजवळ नव्हता. तो मला मिळालेला नव्हता. तो बाबांच्या हाताबरोबर गोधडीवर पडला होता. जे मिळालंच नाही ते मी दिलं कुठून? आणि ज्या बाईला दिलं ती आमच्या विश्वासातली नाही, तिच्या घरचा प्रसाद मी न खाता दुसऱ्याला दिलेला. हे चालतं का? बाबा असते तर काय म्हणाले असते? डोक्यात नुसता गलका उडाला होता, आणि त्या गलक्याच्या खाली कुठंतरी इतकं शांत होतं की मला त्या शांततेचंही भय वाटलं.

जिजीनं डोळे उघडले. "तू काय बोलनी?"

"काही नाही. आमचे वडील म्हणायचे ते."

"परत बोल."

मी परत बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग गोधडीतून हात बाहेर काढला. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून मी वाकले, तर तिनं तो माझ्या डोक्यावर ठेवला. तापानं पोळलेला, लूमच्या धाग्यांनी घासलेला जड हात. "मन्हा बाप बी असाच हात ठेवे," ती म्हणाली. "कानबाई माय तुले सुखमा ठेवो. तुन्हं लेकरू सुखरूप येवो."

मी तिथंच, त्या हाताखाली, बाबा गेल्यावर पहिल्यांदा मोकळी रडले. किती वेळ ते माहीत नाही. मंडळीत हे सगळं जसंच्या तसं सांगायचा धीर मला कित्येक वर्षं झाला नाही. कानबाईचं नाव ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडली असती, आणि त्या आठीला उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही.

सकाळी तिला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. मी तिला धरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं. रिक्षा नावाला नव्हती. एक-दोन स्कूटरवाले आम्हाला बघून वेग वाढवून गेले. मी जिजीला बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि हात वर करून रस्त्यात उभी राहिले. तेवढ्यात दुधाचे रिकामे कॅन खडखडवत एक टेम्पो आला. तो पुढे गेला, थांबला आणि उलटा मागं आला. चालवणारा दाढीवाला, मध्यम वयाचा माणूस होता. त्यानं जिजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आधीच म्हणाले, "भैया, बुखार है. खाँसी भी है. मैं झूठ नहीं बोलूँगी."

"मैंने पूछा क्या?" तो म्हणाला. खाली उतरून त्यानं कॅन एका बाजूला सारले, जिजीला उचलून मागं निजवलं, आणि मला पुढं बसायला सांगितलं. सरकारी रुग्णालयाच्या दारापर्यंत त्यानं आम्हाला पोचवलं. तिथं स्ट्रेचर येईपर्यंत थांबला. मी त्याचं नाव विचारायला वळले तर टेम्पो निघूनही गेला होता. पुढे कितीतरी सकाळी त्या रस्त्यावर मी दुधाच्या टेम्पोंकडे बघत उभी राहिले. तो पुन्हा दिसला नाही.

जिजीला प्लेग नव्हता. मलेरिया निघाला, छातीत सर्दी साचलेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी मलाही तपासलं, काही झालं तर लगेच यायला सांगितलं आणि घरी पाठवलं. पुढचे काही दिवस मी स्वतःचं कपाळ चाचपत काढले. त्या दिवसांत मला मोठा विश्वास होता असं म्हणणं खोटं ठरेल. सकाळी भरवसा वाटायचा आणि संध्याकाळी पाय गार पडायचे. यजमान सुटून घरी आले, मी सगळं सांगितलं. ते एकदम म्हणाले, "तू तिला आत घेतलंस? या दिवसांत?" मग खाटेवर बसले. नंतर उठले, जिजी निजली होती ती गोधडी उकळत्या पाण्यात भिजवली आणि स्वतः अंगणात धुवायला बसले. रुग्णालयात जिजीसाठी रोज डबा त्यांनीच नेला.

मला काहीही झालं नाही. देवानं राखलं म्हणते, कारण माझ्याजवळ दुसरा शब्द नाही. पण त्याच दिवसांत कितीतरी भली, प्रार्थना करणारी माणसं गेली असतील, त्यांना का राखलं नाही, हे मला कुणी विचारलं तर मी गप्प बसेन.

शहर हळूहळू भरलं. जिजी घरी आली, मग तिचा मुलगा परतला. आई गेली असंच त्यानं धरलं होतं. तिला ओटल्यावर तांदूळ निवडताना पाहून तो रस्त्यातच खाली बसला. थोड्या वेळानं माझ्या दाराशी आला. म्हणाला, "माय म्हणते, बाई होती म्हणून मी आहे. बाई, तुम्ही काय केलं?"

मला खरोखर सांगता येईना. मी काय केलं होतं? विश्वासानं घेतलं होतं? छे, मी भीतीनं थरथरत होते. दिलं होतं? पण माझ्याजवळ होतं कुठं?

"पाणी दिलं," मी म्हणाले.

तो हात जोडून उभा राहिला आणि मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

यथाकाळी आम्हाला मुलगी झाली, सुखरूप. त्या काळात मला पडलेले सगळे प्रश्न सुटले असं नाही. एवढं मात्र कळलं की वतन आधी नीट ताब्यात घ्यावं, त्याची खात्री करून घ्यावी आणि मग त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यावं, हा माझा समज उलटा होता. मी रिकामी आहे असं मला वाटत होतं, आणि रिकामं असतानाच कुणीतरी माझा हात दुसऱ्याच्या कपाळावर ठेवला. तेव्हा कळलं की घरात काहीतरी होतं. किती आहे ते अजून मोजता येत नाही, आणि मोजायची घाईही आता राहिली नाही. ज्याचं आहे त्याला ठाऊक आहे. तो माझ्याशी स्पष्ट बोलला नाही तरी त्यानं मला सोडलं नव्हतं, हे मी मागं वळून पाहते तेव्हा दिसतं. पुढं पाहताना आजही काही दिसत नाही. हल्ली मी सकाळी गुडघे टेकते आणि शब्द सुचले नाहीत तर तशीच बसून राहते. दार वाजलं की उठते.